रिक्षाच्या रांगेतून कॉन्फिडन्स इंटरव्हल: पहिल्या प्रोजेक्टसाठी

ठाण्यात मी अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की प्रोजेक्टच्या वह्या तपासायला येऊ लागतात. गणित बहुतेकांचं बरोबर असतं. चुकतं ते गणिताच्या खाली लिहिलेलं वाक्य. ‘म्हणजेच ९५ टक्के प्रवासी ८ ते १२ मिनिटं थांबतात’ हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलं आहे की आता मी आधी तेच शोधते आणि मग मागे येऊन हिशेब बघते. चार पानं मन लावून केलेली मेहनत त्या एका ओळीत वाया गेलेली पाहिली की वाईट वाटतं. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून त्या ओळीपर्यंत सावकाश जाऊ.

उदाहरण सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे: ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिस पुलाखाली, शेअर रिक्षासाठी किती वेळ थांबावं लागतं? पुढे जे आकडे येतील ते हिशेब सोपा जावा म्हणून मी स्वतः बसवलेले आहेत. ठाण्याची वस्तुस्थिती म्हणून ते कुठे वापरू नका. खरे आकडे तुम्ही रांगेपाशी उभं राहून आणायचे आहेत.

आधी प्रश्न आवळून घ्या

‘ठाण्यात रिक्षाला किती वेळ लागतो’ हा प्रश्न प्रोजेक्टच्या कामाचा नाही. ठाणे म्हणजे नौपाडा, कळवा की घोडबंदर रोड? सकाळ की संध्याकाळ? रविवारही धरायचा का? प्रश्न असा लिहा: ‘कामाच्या दिवशी संध्याकाळी ६.३० ते ८.३० या वेळात स्टेशन पश्चिमेच्या अमुक रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला सरासरी किती मिनिटं थांबावं लागतं?’ या वाक्यात जे सगळे प्रवासी मावतात ती तुमची समष्टी. त्यांतल्या ज्यांची वेळ तुम्ही प्रत्यक्ष मोजली तो नमुना. कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे नमुन्यावरून काढलेला दोन आकड्यांमधला पट्टा; त्याला पुढे नुसतं ‘अंतराल’ म्हणू. अंतराल काढायचा तो समष्टीच्या सरासरीचा, कारण नमुन्याची सरासरी तर तुमच्या वहीत लिहिलेलीच आहे. तिच्याबद्दल शंका कसली?

घड्याळ कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं, तेही पहिल्याच पानावर लिहून ठेवा. माणूस रांगेच्या शेवटी उभा राहिला की सुरू, रिक्षात बसला की बंद. गटातल्या एकीने ‘रिक्षा सुटेपर्यंत’ मोजलं आणि दुसऱ्याने ‘बसेपर्यंत’, तर दोघांचे आकडे एका तक्त्यात घालता येत नाहीत.

कोणाची वेळ मोजायची

हा भाग मुलं सगळ्यात घाईत उरकतात, आणि प्रोजेक्टचं खरं-खोटं इथेच ठरतं.

एका मुलाने एका संध्याकाळी तासाभरात ५० नोंदी आणल्या होत्या. एवढं काम केलं म्हणून तो खूश होता. त्या नोंदी पाहिल्या तर ११, ११, ११, १२, १२, १२ असे तिघा-तिघांचे गट दिसत होते. उघडच होतं. एका रिक्षात तिघं बसतात, ते तिघं जवळपास एकाच वेळी रांगेत आलेले असतात आणि एकाच वेळी निघतात. त्या तीन नोंदी कागदावर तीन, माहितीच्या हिशेबात जेमतेम एक. सूत्राला हे कळत नाही. ते ५० चं वर्गमूळ घेतं आणि आहे त्यापेक्षा कितीतरी अरुंद अंतराल काढून देतं.

दुसरी अडचण लोकलची. गाडी आली की रांग एकदम वाढते, मग हळूहळू ओसरते. तुम्ही नेमके गाडीतून उतरून मोजायला उभे राहिलात, तर कायम लांब रांगच मोजाल. यावर सोपा उपाय चिठ्ठ्यांचा. ६.३० ते ८.३० म्हणजे पाच-पाच मिनिटांचे २४ तुकडे. घरीच २४ चिठ्ठ्या करून त्यांतून रोज चार उचलायच्या. त्या-त्या वेळेला रांगेत जो पुढचा माणूस येईल, त्याचीच वेळ मोजायची. तो आजोबा असो की दप्तर घेतलेली मुलगी, निवड आपली नाही. चार संध्याकाळी मिळून १६ नोंदी होतात. संध्याकाळी वेगवेगळ्या वारी घ्या. पावसाची एखादी संध्याकाळ त्यात आली तर ती गाळू नका, पावसातही लोक घरी जातातच.

सोळा कमी वाटतात ना? नीट निवडलेल्या १६ नोंदी मी त्या ५० पेक्षा जास्त मानते.

कोणाचं नाव विचारू नका, फोटो काढू नका. कोणी विचारलंच तर काय चाललंय ते सरळ सांगा आणि कॉलेजचं पत्र जवळ ठेवा.

सूत्राला हात लावण्याआधी

समजा, आकडे असे आले, मिनिटांत:

४, ७, ९, ११, ६, १४, ८, १२, ५, १०, १८, ९, ७, १३, १०, १७

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. आलेखाच्या कागदावर ० ते २० अशी रेघ आखून प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका द्या. बरेचसे ठिपके ७ ते १४ च्या दरम्यान आहेत, उजवीकडे १७ आणि १८ थोडे सुटे आहेत. थांबण्याच्या वेळा अशा उजवीकडे थोड्या लांबतातच. एवढ्याने पुढच्या पद्धतीला धक्का लागत नाही. पण एखादा ठिपका ५५ वर असता तर थांबून विचार करावा लागला असता: घड्याळ बंद करायचं राहिलं का, की त्या दिवशी खरंच रिक्षाच नव्हत्या? नोंद चुकीची असल्याचा पुरावा असेल तरच काढा, आणि काढल्याचं लिहा. अंतराल रुंद होतो म्हणून नोंद काढून टाकणं हा अप्रामाणिकपणा आहे.

हिशेब

बेरीज १६०. सरासरी = १६० ÷ १६ = १० मिनिटं.

आता प्रत्येक नोंद १० पासून किती दूर आहे ते काढून त्याचा वर्ग करायचा. ४ साठी फरक −६, वर्ग ३६. ७ साठी −३, वर्ग ९. १८ साठी ८, वर्ग ६४. असं सोळाही नोंदींचं करून वर्गांची बेरीज येते २४४. एकदा हातानेच करा, नंतर आयुष्यभर संगणक आहेच.

ही बेरीज १६ ने न भागता १५ ने भागायची. फरक आपण नमुन्याच्याच सरासरीपासून मोजले, आणि ती सरासरी याच आकड्यांच्या मधोमध बसलेली असते. त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा जरा लहान येतात. १५ ने भागल्यावर ती तूट भरून निघते.

२४४ ÷ १५ = १६.२७, त्याचं वर्गमूळ ४.०३. हे प्रमाण विचलन. एकेका प्रवाशाचा वेळ सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे असतो, ते याने कळतं.

प्रमाण त्रुटी = ४.०३ ÷ √१६ = ४.०३ ÷ ४ = १.०१. नमुना पुन्हा घेतला तर सरासरी साधारण किती हलेल, त्याचा हा अंदाज. या दोन आकड्यांची अदलाबदल फार होते. ४.०३ प्रवाशांबद्दल बोलतो, १.०१ सरासरीबद्दल.

यानंतर प्रमाण त्रुटीला कितीने गुणायचं ते टीच्या कोष्टकात बघायचं. तिथे १५ डिग्रीज ऑफ फ्रीडम (नोंदींपेक्षा एक कमी) आणि ९५ टक्के या ठिकाणी २.१३१ हा आकडा सापडतो.

२.१३१ × १.०१ = २.१५

१० − २.१५ = ७.८५ आणि १० + २.१५ = १२.१५

मधल्या पायऱ्यांवर आकडे कापत गेलं तर शेवटचा अंक सरकतो. न कापता केलेल्या हिशेबात वरचं टोक १२.१४९ येतं. म्हणून अहवालात लिहायचं ‘७.९ ते १२.१ मिनिटं’. आपण मिनिटांत मोजलंय, तेव्हा ७.८५०९ वगैरे लिहिण्यात काही अर्थ नाही.

‘मॅडम, १.९६ का नाही घ्यायचा?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. १.९६ हा नॉर्मल वितरणाच्या कोष्टकातला ९५ टक्क्यांचा आकडा. तो तेव्हा चालतो जेव्हा समष्टीचं खरं प्रमाण विचलन ठाऊक असतं किंवा नमुना पुष्कळ मोठा असतो. आपण ४.०३ हा आकडाही त्याच १६ नोंदींतून काढला, म्हणजे तोही अंदाजच. या जास्तीच्या अनिश्चिततेसाठी टी थोडा मोठा असतो. इथे १.९६ वापरला तर ८.० ते १२.० असा जरा अरुंद अंतराल येईल आणि ९५ टक्क्यांचं नाव लावून काम मात्र सुमारे ९३ टक्क्यांचं होईल. लहान नमुन्यांची ही गोष्ट विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली मांडली. ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत बीअर बनवण्याच्या कामावर होते आणि प्रयोगांत त्यांना थोड्याच नोंदींवर भागवावं लागे. लेख त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला, म्हणून आजही ‘स्टुडंटचा टी’ म्हणतात.

एक्सेलमध्ये ‘कॉन्फिडन्स डॉट टी’ हे फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: ०.०५, प्रमाण विचलन आणि नोंदींची संख्या. उत्तर २.१५ येतं, म्हणजे फक्त अंतरालाची अर्धी रुंदी. ती सरासरीतून वजा आणि सरासरीत मिळवायचं काम तुमचं. पहिल्या जागी चुकून ०.९५ टाकलं तर उत्तर ०.०६ च्या आसपास येतं. इतका बारीक अंतराल पाहून आनंद न होता संशय यायला हवा. ‘कॉन्फिडन्स डॉट नॉर्म’ हे फंक्शन वेगळं, ते १.९६ वालं आहे.

आता ते वाक्य

‘९५ टक्के प्रवासी ७.९ ते १२.१ मिनिटं थांबतात.’ हे खरं आहे का, ते तपासायला दुसरीकडे जायला नको. आपल्याच सोळा नोंदी पुन्हा बघा आणि या दोन आकड्यांच्या मधल्या मोजा. ९, ११, ८, १२, १०, ९, १०. सोळापैकी सात! निम्मेसुद्धा नाहीत. मग ९५ टक्के प्रवासी यात कुठून येणार? हा अंतराल प्रवाशांचा नाहीच, सगळ्या प्रवाशांच्या सरासरीचा आहे. नमुना वाढवत नेला तर तो आणखी अरुंद होईल, त्यात मावणारे प्रवासी आणखी कमी होतील, आणि तरीही तो आपलं काम अधिक चांगलं करत असेल.

दुसरं वाक्य जास्त फसवं आहे: ‘खरी सरासरी ७.९ ते १२.१ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ पुष्कळ शिकलेली माणसंही असं बोलतात. पण खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. अंतरालही काढून झाला आहे. आता हलणारं काहीच उरलं नाही: सरासरी या दोन टोकांच्या आत आहे किंवा नाही. मग ९५ टक्के आहे कशाला? ते पद्धतीला आहे. जत्रेत साबणाच्या वडीवर रिंग टाकायचा खेळ असतो. वडी जागेवरच असते, रिंग दर वेळी वेगळीकडे पडते. शंभरातल्या ९५ रिंगा वडीवर बसवणारा हात असेल, तर ‘हात ९५ टक्के भरवशाचा’ असं आपण म्हणू. आपल्याला डोळे बांधून एकच रिंग टाकायला मिळाली आहे. ती बसली की नाही ते दिसत नाही, हात कसा आहे तेवढं माहीत आहे. ही कल्पना पोलिश गणितज्ञ जेर्झी नेमन यांनी १९३७ साली सविस्तर मांडली, आणि पद्धतीचा भरवसा व एकट्या अंतरालाची शक्यता यांतला भेद त्यांनी मुद्दाम स्पष्ट केला होता.

वर्गात हे पटत नसेल तर एक तास खर्च करा. स्टीलच्या डब्यात २०० चिठ्ठ्या टाका, प्रत्येकीवर एकेक मिनिटांचा आकडा. या २०० ची खरी सरासरी एकालाच ठाऊक असू दे. प्रत्येक विद्यार्थ्याने १६ चिठ्ठ्या काढायच्या, आकडे उतरवायचे, चिठ्ठ्या परत टाकून डबा हलवायचा आणि आपला अंतराल काढायचा. मग फळ्यावर प्रत्येकाच्या अंतरालाची आडवी रेघ, एकाखाली एक. शेवटी खऱ्या सरासरीवर उभी रेघ मारा. चाळीस जणांच्या वर्गात साधारण ३८ आडव्या रेघांना ती छेदते. कधी ३९ होतात, कधी ३६. ज्या दोघा-तिघांच्या रेघा बाजूला राहतात त्यांनी हिशेबात काही चूक केलेली नसते. त्यांची वही पुन्हा तपासून झाल्यावर वर्गात जी शांतता होते, त्या क्षणी ही गोष्ट समजलेली असते.

तेव्हा वहीत असं लिहा: ‘या नमुन्यावरून, संध्याकाळच्या या रांगेतल्या सरासरी थांबण्याच्या वेळेचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ७.९ ते १२.१ मिनिटं आहे. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर सुमारे ९५ टक्के अंतरालांत खरी सरासरी सापडेल.’ कोणाची सरासरी, कुठली, कोणत्या वेळची, एकक काय, हे सगळं त्यात आलं.

अंतरालाला जे दिसत नाही

±२.१५ हा आकडा एकाच प्रकारच्या चुकीचा हिशेब ठेवतो: नमुन्यात योगायोगाने कोण आलं आणि कोण राहिलं. मोजण्याची रीतच एका बाजूला झुकलेली असेल तर त्याची खबर अंतरालाला नसते.

याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. नेमनही त्या काळात तिथेच होते. परत आल्यावर सुखात्मे पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज काढण्याच्या कामात पडले. शेतात एक लहान तुकडा आखायचा, तेवढं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून उत्पन्न काढायचं, अशी रीत होती. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न सातत्याने जास्त दिसतं. कारण साधं आहे: कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ती आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड मोठी. असे हजार तुकडे कापले तर अंतराल अगदी अरुंद होईल, पण तो चुकीच्या आकड्याभोवती. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण ही चूक कुठल्याही सूत्रात सापडली नसती. त्यासाठी बांधावर उभं राहून कापणाऱ्याचे हात बघावे लागतात.

रिक्षाच्या रांगेतही अशी कड आहे. पंधरा मिनिटं थांबून कंटाळलेला माणूस रांग सोडून टीएमटीच्या बसकडे जातो. तुम्ही फक्त रिक्षात बसलेल्यांच्याच नोंदी ठेवल्या तर सगळ्यात जास्त थांबलेले लोकच गळतात आणि सरासरी कमी दिसते. म्हणून रांग सोडणाऱ्यांचीही नोंद ठेवा: किती जण, किती मिनिटांनी. त्यांना सरासरीत कसं धरायचं हा पुढच्या अभ्यासाचा विषय आहे. पहिल्या प्रोजेक्टात त्यांची संख्या मर्यादांच्या परिच्छेदात प्रामाणिकपणे दिली तरी पुरे.

हो-नाहीचा प्रश्न असेल तर

‘भाडं मोबाइलवरून देता का?’ असा प्रश्न असेल तर सरासरीच्या जागी ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण येतं. समजा, १५० पैकी ९६ जण हो म्हणाले, म्हणजे ०.६४. प्रमाण त्रुटी = √(०.६४ × ०.३६ ÷ १५०) = ०.०३९. इथे मात्र १.९६ घ्यायचा: १.९६ × ०.०३९ = ०.०७७. अंतराल ५६ ते ७२ टक्के. ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही निदान दहा-दहा तरी असावेत, नाहीतर हे सूत्र विश्वासाचं नाही.

रुंदी कमी करायची तर

९९ टक्के मागितले तर टी २.९४७ होतो आणि अंतराल ७.० ते १३.० इतका पसरतो. ९० टक्क्यांवर ८.२ ते ११.८. कुठला घ्यायचा ते नोंदी आणण्याआधी ठरवा, आलेले आकडे बघून नको. अंतराल खरोखर अरुंद हवा असेल तर नोंदी वाढवा, पण वर्गमूळामुळे रुंदी निम्मी करायला चौपट नोंदी लागतात. आपल्या उदाहरणात ±१ मिनिट हवं असेल तर साधारण ६५ नोंदी. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने रोज चार म्हणजे सोळा-सतरा संध्याकाळी. चौघांचा गट असेल तर पाळी लावून होण्यासारखं आहे.

सकाळ आणि संध्याकाळ अशी तुलना करायची असेल तर दोन अंतराल शेजारी ठेवून ‘एकमेकांवर येतात, म्हणजे फरक नाही’ असं लिहू नका. ते थोडे एकमेकांवर येत असतानाही फरक असू शकतो. दोन सरासरींमधल्या फरकाचा स्वतंत्र अंतराल काढा आणि त्यात शून्य येतं का ते बघा.

वही बांधताना

हिशेबाच्या आधी कच्च्या नोंदींचं पान जोडा: तारीख, चिठ्ठीवरची वेळ, किती मिनिटं, कोणी मोजलं. पावसाने ओलं झालेलं, खाडाखोड असलेलं पान असेल तर तेच जोडा, सुवाच्य प्रत त्याच्या मागे. तोंडी परीक्षेत मी आधी ते पान उघडते आणि एखाद्या नोंदीवर बोट ठेवून विचारते, ‘हा अठरा मिनिटांचा माणूस आठवतो का?’ ज्यांनी खरंच रांगेपाशी उभं राहून मोजलं आहे, त्यांना तो आठवतो. हातात दोन पिशव्या होत्या, पुढे एक कुटुंब होतं, दोन रिक्षा ‘तिकडे नाही’ म्हणून निघून गेल्या. मग आम्ही सूत्राकडे वळतो.